आपणहून उभा राहिलेला घागरा

आमच्या गिरीजच्या वाडीत एका जानेवारीत आठ बायका उगवल्या होत्या, फक्त कमरेपासून खाली. वर काही नव्हतं. निदान पहिल्या संध्याकाळी तरी नव्हतं.

त्या मीच शिवल्या होत्या.

ही गोष्ट मी तरुण असतानाची. म्हणजे त्रेसष्ट वर्षांची. (हसू नका. एकाहत्तराव्या वर्षी ती त्रेसष्ट वर्षांची बाई आठवली की मला ती अगदीच अल्लड वाटते. तिला स्वतःचे गुडघे चांगले आहेत असं वाटायचं! स्वतःची अक्कलही!)

आमची नात इरा तेव्हा नऊ वर्षांची होती आणि वसईत एका हॉलमध्ये बॅले शिकायला जायची. बॅले म्हणजे पायाच्या अंगठ्यावर उभं राहून, आपल्याला काहीच दुखत नाही असा चेहरा करायचा नाच. (लहान मुलींना अंगठ्यावर चढू देत नाहीत. त्यांना आधी नुसता चेहरा शिकवतात.) दरवर्षी कार्यक्रम व्हायचा आणि दरवर्षी इरा झाड व्हायची. दोन वर्षं झाड, एक वर्ष ढग. ढग झाली तेव्हा तिला वाटलं, आपली बढती झाली. पण त्या वर्षी रोझलिन मिसनी तिला पहिल्या रांगेत, मधोमध उभी केली. घरी आल्या आल्या पोर आरशासमोर जाऊन हळूच एक पाय उचलून उभी राहिली, आणि तशीच राहिली. जेवायला हाक मारली तेव्हाच पाय खाली आला.

मिसनी कार्यक्रमासाठी एकोणिसावं शतक निवडलं होतं. मी सुनेला विचारलं, "शलाका, एकोणिसाव्या शतकात नाचायला घालायचे तरी काय?"

शलाका मोबाइलवरून वाचायला लागली. तिकडे पॅरिसला म्हणे पांढऱ्या जाळीचे थरावर थर लावलेले घागरे असत. पाठीला हाताएवढे पंख, डोक्यावर फुलांची कडी. पायांचं काम दिसावं म्हणून घागरा घोट्याच्या वर घेतला, तर थिएटरभर खळबळ! (आमची पणजी त्याच सुमारास नऊवारी खोचून, घोटाच काय, पोटरी दाखवत विहिरीचं पाणी काढत होती. तिच्यासाठी कुणी टाळी वाजवल्याचं ऐकिवात नाही.) नाचून नाचून सपाता फाटायच्या, म्हणून त्या मुली टोकांना स्वतः दोरा भरत बसायच्या. हे मात्र मला आवडलं. बाई कितीही हवेत उडाली तरी रफू तिलाच करावं लागतं.

"आणि आई, त्या नाचांत नायिका बहुतेक वेळा जिवंतच नसायची," शलाका म्हणाली. "परी, नाहीतर आत्मा, नाहीतर लग्नाआधी गेलेली मुलगी."

"म्हणजे मेल्याशिवाय मधोमध उभं राहायला मिळायचं नाही?"

"तसंच काहीसं."

"आमच्या इराला जिवंतपणीच मिळालंय," मी म्हणाले, आणि तिथेच खरं तर मी गप्प बसायला हवं होतं.

पण कार्यक्रमाला पाच दिवस राहिले आणि कपडे शिवणाऱ्या मास्टरने हात वर केले. लग्नसराई! मिस फोनवर रडकुंडीला आल्या. "ड्रेस नाही तर डान्स कॅन्सल करावा लागेल, आंटी. त्या स्लॉटमध्ये मोठ्या मुलींचा फिल्मी ग्रुप डान्स टाकते." दारात इरा उभी होती. तिचे दोन्ही हात आपोआप बाजूला, फांद्यांसारखे, उचलले गेले.

मला ते बघवलं नाही. मी फोन तोंडाजवळ ओढला. "घागरे मी शिवते! किती हवेत? आठ? त्यात काय मोठंसं!"

(मी शेवटचं शिवलेलं कापड म्हणजे उशीचा अभ्रा. त्यालाही दोन्ही बाजूंनी शिवण मारून बंद केलं होतं.)

आमचा मुलगा वालीवला एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. त्याच्या शेजारी मच्छरदाण्यांचा एक छोटा कारखाना होता. तिथून सुती जाळीचा गठ्ठा आला. दोन दिवस, दोन सुया आणि एक चष्मा मोडून मी आठ घागरे उभे केले. उभे म्हणजे, तसं म्हणायचं. इराने एक घातला तर तो भिजलेल्या कोंबडीसारखा अंगाला चिकटून राहिला.

"फोटोत तर घंटेसारखा दिसतो," शलाका म्हणाली.

"घंटाच करते," मी म्हणाले. "कांजी कशाला आहे?"

तेवढ्यात शलाकाने पुढचं वाचलं. त्या काळी रंगमंचावर गॅसचे दिवे असत आणि ते घागरे पेटत. नाचता नाचता मुली जळून जात. त्यावर उपायही निघाला होता, तुरटीसारखी औषधं घातलेल्या पाण्यात कपडा बुडवायचा. पण त्याने घागरा कडक आणि मळकट होतो म्हणून कित्येकींनी नकार दिला. मळक्या घागऱ्यात नाचण्यापेक्षा... मला आधी हसू आलं. मग आलं नाही. कारण रोझलिन मिस रंगमंचाच्या कडेने पणत्यांची रांग लावणार होत्या, आणि मधोमध आमची इरा होती.

मी तुरटीचा अख्खा खडा कुटला.

आता कांजी. सासूबाईंचं प्रमाण मला पक्कं आठवत होतं, एका लुगड्याला एक वाटी तांदूळ. एका घागऱ्याला सहा थर. एक थर म्हणजे एक लुगडं धरलं, तर आठ घागऱ्यांची अठ्ठेचाळीस लुगडी! लग्नात भाताला काढतात ते तपेलं मी खाली उतरवलं. अठ्ठेचाळीस वाट्या तांदळाची कांजी अशी झाली की तीत काठी उभी केली तर ती संध्याकाळपर्यंत उभी राहिली असती. त्यात तुरटी ओतली. त्यात घागरे घातले. बाहेर काढले तेव्हा एकेक घागरा ओल्या वासराएवढा जड झाला होता.

दोरीवर टाकले असते तर घडी पडून वाळले असते. मला घंटा हवी होती! आणि मग मला ती कल्पना सुचली. (तिला कल्पना म्हणायचं धाडस मी आज करते आहे.)

आदल्या दिवशीच्या अवकाळी वाऱ्याने वाडीतल्या कोवळ्या केळी मोडल्या होत्या. अजून कोका, म्हणजे केळफूल, न आलेल्या. आमच्याकडे कामाला येणारी काशी, मिठागराकडच्या गावची, ती त्या मोडलेल्या केळी त्याच दुपारी कापत होती. सगळे खुंट एका उंचीचे, नऊ वर्षांच्या मुलीच्या कमरेएवढे, गोल, गुळगुळीत. देवाने शिंप्यासाठीच घडवले होते!

"काकी, ताज्या खुंटावर कापड नका घालू," काशी कोयता पुसत म्हणाली.

"तू गप गं. तुला एकोणिसाव्या शतकातलं काय कळतं?"

"माला शतकातलं नाय कलत, पन केलीतलं..."

"तुझी बस जाईल!"

तिची बस खरंच आली होती. ती गेली. मी आठ खुंटांवर आठ घागरे चढवले आणि कमरेला नाड्या आवळल्या.

संध्याकाळी चहा घेऊन मी आणि इरा ओट्यावर बसलो. सूर्य गेला होता, दिवे लागले नव्हते. आणि समोर, केळीच्या काळपट पानांखाली, आठ पांढऱ्या आकृत्या रांगेत उभ्या होत्या. डोकं नाही, हात नाहीत, फुगलेले घागरे तेवढे. समुद्रावरून वारा आला. बाकी सगळी पानं फडफडली, पण घागरे फडफडले नाहीत. ते सगळे मिळून, सावकाश, एकाच बाजूला कलले. थांबले. मग सगळे मिळून परत सरळ झाले. आणि कांजीचे ते थर एकमेकांवर घासून असा आवाज आला, जणू आठजणी दबक्या आवाजात कुणाबद्दल तरी बोलत आहेत.

"आजी," इरा म्हणाली, "त्या नाचतायत."

"ते म्हण. घागरे आहेत ते."

"त्या आपल्याकडे बघतायत."

"डोळे कुठायत त्यांना?"

"म्हणून तर," इरा म्हणाली आणि चहाचा कप घेऊन आत गेली. तिच्या मागोमाग मीही गेले. (मला थंडी वाजत होती. नाही, खरंच थंडी होती!)

सकाळी उजाडता उजाडता मी घागरे काढायला गेले. वाडीत धुकं भरलं होतं. ताडामाडांचे शेंडे गायब, विहीर गायब, फक्त ते पांढरे घागरे दिसत होते. धुक्यापेक्षा जरा जास्त पांढरे. मी सवयीने मोजले. सात, आठ, नऊ.

पुन्हा मोजले. नऊ.

शिवले आठ होते. एखादा कमी भरला असता तर माझ्या बाबतीत ते पटलंही असतं, पण जास्तीचा एक माझ्या हातून होणं शक्यच नव्हतं! आणि तो नववा रांगेच्या टोकाला उभा होता, बाकीच्यांपेक्षा उंच, आणि त्याला डोकं होतं. तेही झाकलेलं, पांढरं. मी रामरक्षा सुरू केली. जीभ वळेना, म्हणून नुसतंच "राम राम राम" करत राहिले. तिकडून, अगदी त्याच लयीत, वेगळंच काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं आणि त्या आकृतीने कपाळावर, छातीवर आणि खांद्यांवर हात नेला.

"कोण आहे?" मी विचारलं.

नववी म्हणाली, "तू कोण आहेस?"

भूत उलट प्रश्न विचारतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मी सुमन!"

"कुठली सुमन?"

"इथली! वाडीवाली!"

"खरी सुमन असशील तर सांग, काल मला अंडी किती दिलीस?"

"मी कुठली देतेय? तू मला दिलीस! सहा! त्यातलं एक फुटकं होतं!"

"फुटकं नव्हतं!" नववी कडाडली. मग तिने सुस्कारा सोडला. "सुमनच आहे ही. मेल्यावरही तेच अंडं काढशील."

ती आमची शेजारीण फिलूबाय होती. चर्चमधल्या सकाळच्या मिस्साला पांढरी शाल डोक्यावरून घेऊन आमच्या वाडीतून जवळच्या वाटेने निघालेली, आणि समोर आठजणी बघून जागच्या जागी खिळलेली. दहा मिनिटं ती हलली नव्हती. आपण हललो तर त्यांना कळेल, असं तिला वाटत होतं.

"अगो, ह्या आहेत तरी कोण?"

"घागरे आहेत. इराच्या नाचाचे."

"घागऱ्यांना मान कशी?"

"कुठली मान?"

फिलूबायने बोट दाखवलं. मी जवळ गेले. प्रत्येक घागऱ्याच्या कमरेतून, नाडी आवळलेल्या जागेतून, एक फिकट, हिरवट पांढरी, गुळगुळीत मान वीतभर वर आली होती. काल संध्याकाळी ती नव्हती. तिच्यावर दव साचलं होतं. आठही माना किंचित आमच्याकडे वळलेल्या.

आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून ओट्यापर्यंत पळालो. फिलूबायचा गुडघा माझ्यापेक्षा खराब, तरी ती पहिली आली. त्या दिवशीचा मिस्सा तिने आमच्या स्वयंपाकघरात, चहाच्या कपासमोर बसून चुकवला.

आठच्या बसने काशी आली, वाडीत गेली, आणि तिथूनच तिचं हसू ऐकू आलं. "काकी, केल कापली म्हनून लगेच मरते व्हय? आतली सुरली वर येते! वाडीत उमर गेली तुमची!"

खरंच गेली होती. चाळीस वर्षं मी त्या वाडीत राहिले आणि कापलेल्या केळीच्या पोटातली सुरळी रातोरात वर येते हे चाळीसदा पाहिलं. फक्त तिला तोपर्यंत कुणी घागरा नेसवला नव्हता.

मी हसणार, तेवढ्यात काशीने एक घागरा उचलून दाखवला. "आनि काल ह्येच सांगत व्हते."

कमरेभोवती तपकिरी काळा डाग होता. खाली ओघळ आलेले, जुन्या रक्तासारखे. आठही घागऱ्यांना.

केळीचा चीक! वाडीतलं मूल चालायला लागायच्या आधी "चीक लागेल" हे ऐकतं. तो डाग कपड्याबरोबरच जातो, म्हणजे कपडा फाटून चिंधी होईपर्यंत राहतो. मी लिंबू चोळलं. सोडा चोळला. शेवटी स्वतःचं कपाळ चोळलं. दोन दिवस राहिले होते. जाळी संपली होती.

इरा शाळेतून आली. तिने घागऱ्याकडे पाहिलं, माझ्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं आणि शहाण्यासारखं म्हणाली, "आजी, मी झाड झाले तरी चालेल. मला येतं झाड."

मला वाटलं, त्या आठ खुंटांशेजारी नववा खुंट म्हणून आपणच जाऊन उभं राहावं.

मी घागरे घेऊन मिसकडे गेले, शिव्या खायची तयारी करून. मिसनी एक घागरा जमिनीवर ठेवला. तो उभा राहिला. त्यांनी हात काढला. तरी उभाच! त्या त्याच्याभोवती एक चक्कर मारून आल्या.

"आंटी, हे ब्लड आहे?"

"चीक आहे हो. केळीचा. मी मूर्ख आहे."

"नो नो, ब्यूटिफुल! एकदम ग्रेव्हमधून उठून आल्यासारखं! धुऊ नका हां प्लीज!"

मी कशाला धुतेय!

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळचे दोन तास मी कुठे होते, ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. इथेही आत्ताच सांगणार नाही. संध्याकाळी ठेवणीतली मोतिया रंगाची रेशमी साडी नेसले आणि आठ भुतांना हॉलवर नेलं. घागरे घालून मुलींना बसता येईना, म्हणून आमच्या केळी नेण्याच्या टेम्पोत त्यांना उभं केलं. वाटेत एक रिक्षावाला शेजारी आला, आत डोकावला, आणि पुढचं वळण त्याचं नसताना त्याने ते घेतलं.

हॉलमध्ये अंधार झाला. निळा उजेड आला. कडेने पणत्या मिणमिणत होत्या. मी विंगेत सुईदोरा घेऊन उभी होते. गाणं सुरू झालं आणि आठजणी आल्या. पावलांचा आवाज नाही, नुसती ती कांजीची खसफस. प्रेक्षकांतला खोकला थांबला. आणि आमची इरा, मधोमध, हात वर करून, पांढरी, गंभीर. मी तिला ओळखलंच नाही. एक क्षण मला तिची भीती वाटली.

मग तिची ती मोठी उडी आली. इराने उडी मारली आणि ती पुढे गेली. घागरा गेला नाही.

नाडीच्या जागी लावलेला त्याचा हूक मी चष्मा मोडल्यानंतर टाचला होता. इरा पांढऱ्या तंग पायमोज्यांत चार हात पुढे उतरली आणि मागे घागरा एकटाच उभा राहिला. रिकामा, ताठ, डागाळलेला, निळ्या उजेडात. आणि त्याची कड पणतीला टेकलेली!

मला त्या जळून गेलेल्या पोरी आठवल्या. मी धावले. पडद्याच्या दोरीत अंबाडा अडकून सुटला, पांढरे केस तोंडावर आले, गुडघ्याने दगा दिला आणि मी रंगमंचावर अर्धी रांगत, एक हात पुढे करून, घशातून "आ... आ..." असा आवाज काढत घागऱ्याच्या मागून वर आले. (मला "आग" म्हणायचं होतं. धाप लागली होती.)

प्रेक्षकांत कुणाचं तरी मूल किंचाळलं. मी पणतीवर पंजा मारला.

पणती विझली नाही. ती बॅटरीवरची होती. सगळ्याच होत्या. मिसनी आदल्या दिवशी बदलल्या होत्या आणि अख्खा खडा तुरटी वाया गेली होती!

आता मला उठता येईना. इराने मागे वळून पाहिलं. मला वाटलं, संपलं, पोर आता रडणार आणि जन्मभर झाड होणार. पण ती अंगठ्यांवर, म्हणजे जेवढं चढू देतात तेवढं चढून, सावकाश माझ्याकडे आली. माझा पुढे केलेला हात तिने धरला. रिकाम्या घागऱ्याभोवती मला एक पूर्ण फेरी मारून आणली, एकेक पाऊल तालात, चेहरा असा की तिला काहीच दुखत नाही, आणि विंगेत सोडून परत मधोमध जाऊन उभी राहिली. बाकीच्या सातजणी तिच्यामागे. टाळ्या मला आत ऐकू आल्या. मी तेव्हा जमिनीवर बसून होते आणि कुणीतरी आत आणून ठेवलेला घागरा माझ्या शेजारी उभा होता.

"आजी," नंतर ती म्हणाली, "तू एकदम बरोबर तालात आलीस."

त्या दिवसापासून इरा झाड झालेली नाही. आज ती सतराची आहे आणि खरंच अंगठ्यावर उभी राहते. सपातांना दोरा मात्र स्वतः भरते. माझ्याकडे देत नाही.

दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला. शलाका मोठ्याने वाचून दाखवत होती. "लाइटिंग अप्रतिम." "एकटा घागरा, काय कल्पना!" आणि एकीने लिहिलं होतं, "शेवटी घागऱ्यामागून उठते ती म्हातारी हडळ बघून माझ्या अंगावर काटा आला. इतका खरा मेकअप कुठे करून मिळतो? पत्ता द्या ना!"

पत्ता माझ्या पर्समध्ये होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी कार्यक्रमाच्या सकाळी ब्यूटी पार्लरमध्ये गेले होते आणि दोन तास डोळे मिटून बसले होते. कार्डावर लिहिलं होतं, "दहा वर्षांनी तरुण दिसा."